लेमन सेट आणि इतर संप्रदाय

आमच्या लग्नात सात लेमन सेट आले. काचेचा एक जग, सहा ग्लास, त्यांवर न पिकणारी लिंबं. त्यानंतर घरात सरबत पुष्कळ झालं, पण प्यायलो ते स्टीलच्या फुलपात्रातून. लेमन सेट खोक्यातून काढायचा नसतो, तो पुढच्या लग्नाला न्यायचा असतो.

तेव्हा ‘सेट’चा एवढाच अर्थ मला ठाऊक होता. इंग्रजांचं तसं नव्हतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाची 20 खंडांची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तीत सर्वांत लांबलचक नोंद याच क्रियापदाची होती. अर्थ 430, शब्द सुमारे 60,000. आता ‘रन’ त्याच्या पुढे गेलाय म्हणे. जाणारच, पळणं त्याच्या नावातच आहे.

आमच्याकडे काय होतं? दही लागायचं, वड्या थापायच्या, सापळा लावायचा, अंगठीत खडा बसवायचा, पानं मांडायची, सूर्य मावळायचा आणि सून सासरी रुळायची. सात कामांना सात क्रियापदं. इंग्रजीत या बहुतेकांवर एकटा ‘सेट’ राबतो. हल्ली त्याने आमच्या घरातही कामं धरली आहेत. परवा आमची सौभाग्यवती फ्रीजमध्ये डोकावून म्हणाली, “दही सेट नाही झालं.” मला आधी वाटलं, दह्याला नोकरी लागली नाही.

एक कबूल करतो. ‘सेटिंग’ला मात्र मराठीत तोड नाही. “आतून सेटिंग आहे” या तीन शब्दांत ओळख, वशिला, पाकीट आणि साहेबांचा मूड एवढं सगळं येतं. कॉलेजच्या कट्ट्यावर तोच शब्द उच्चारला की त्यात एक मुलगी येते. गॅरेजात आला तर नुसता कार्बोरेटर.

गेल्या दिवाळीत काकूंनी भाच्याला विचारलं, “काय रे, झालास का सेट?”

तो बिचारा प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांमध्ये अडकलेला. म्हणाला, “सेट झाली काकू, नेट राहिलंय.”

“अगबाई! आमचंही सकाळपासून गेलंय.”

गंमत म्हणजे वस्तूंचा सेट आणि सेट करणं हे मुळात एका घरचे नव्हेत. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, ‘सिट’चं सख्खं भावंड, अर्थ ‘बसवणं’. लेमन सेटमधला सेट मात्र जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा पंथ. हे वाचलं आणि माळ्यावर चढून मी आमचा शेवटचा खोका उघडला. सहा अनुयायी, मधोमध एक जग. एकाही ग्लासाला टवका नाही.

भाच्याचं लग्न अजून ठरत नाहीये. तुमच्याकडे काही कार्य असेल तर पत्रिका जरूर पाठवा.