आवणी, एकादशी आणि आजी

मुळशी तालुक्यातली आजी म्हणजे घरात सर्वांत आधी उठणारे आणि सर्वांत शेवटी जेवणारे माणूस. नऊवारी लुगडे, कपाळावर हिरवे गोंदण, गळ्यात तुळशीची माळ आणि कमरेला चंची या खुणांवरून ती लांबूनही ओळखू येत असे. चंचीत पान, चुना, तंबाखू, पंढरपूरचा बुक्का आणि नातवंडांसाठी ठेवलेली लिमलेटची गोळी एकत्र नांदत. त्यामुळे गोळीला बुक्क्याचा वास आणि बुक्क्याला तंबाखूचा ठसका असे. नातवंडे तोच प्रसाद समजून खात.

तिचा देव विठोबा. पण मुळशीत राहून विठोबाची भक्ती करायची तर अडचण वेळापत्रकाची. देहू-आळंदीहून पालख्या निघतात ज्येष्ठ वद्यात आणि पंढरपुरात पोचतात आषाढी एकादशीच्या तोंडावर. नेमका तेव्हाच ताम्हिणीकडून पाऊस कोसळू लागतो, भाताची रोपे तरारतात आणि ती लावायला, म्हणजे आवणीला, माणूस मिळत नाही. देशावरचा शेतकरी पेरणी उरकून खांद्यावर पताका टाकतो. भातवाल्याच्या कमरेचे खरे हाल त्याच पंधरवड्यात. कार्तिकी धरावी तर भात कापणीला आलेले. या तिथ्या ठरवताना देवाने मुळशीत कोणाला विचारले नसणार, हे उघड आहे.

यावर आजीने तोडगा काढला होता. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की पौडहून एसटीने जायचे, नाना पेठेत तुकोबांच्या आणि भवानी पेठेत माउलींच्या पालखीवर डोके टेकवायचे आणि दिवस मावळायच्या आत गोठ्यात हजर व्हायचे. दुसऱ्या दिवशी डोक्यावर इरले घेऊन ती गुडघाभर चिखलात उभी असे. आवणी मागे मागे सरकत करतात. आळंदी-पंढरपूर वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. आजीनेही जन्मभरात तेवढी चाल केली असेलच, फक्त पाठमोरी.

एकादशी मात्र चुकत नसे. उपवासाला काय चालते याचे नियम घराघरांत वेगळे असले तरी त्यावर अपील नसते. साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, शेंगदाणा आणि हिरवी मिरचीही चालते. साबुदाण्याचा कंद धरून हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगिजांच्या काळात समुद्र ओलांडून आलेले. हळद इथलीच, पण ती चालत नाही. पाहुण्यांना ताट आणि घरच्याला दार, असा हा प्रकार. डोंगरउतारावर नाचणीच्या शेजारी पिकणारी वरई तेवढी या ताटात स्थानिक. मिश्रीने उपवास मोडत नाही, हेही एक कलम होते. ते कोणत्या पुराणात आहे हे विचारण्याची सुनेची हिंमत नव्हती.

तिच्या भक्तीची मुख्य जागा देऊळ नव्हे, जाते. पहाटे कोंबड्याच्या आधी चिमणी लागे, समोरासमोर दोघी बसत, खुंट्यावर दोन हात पडत. जात्याच्या मुखात मूठमूठ दाणे टाकायचे याला वैरण घालणे म्हणतात. जणू ते दावणीचे जनावरच. घरघर सुरू झाली की ओवी सुरू. ओवी दोन ओळींची, पण तिच्यात सीतेचा वनवास, माहेरची वाट, भावाचे कौतुक, सासूचा जाच आणि विठ्ठल-रखुमाईचे भांडण एवढे सगळे मावत असे. सासूविषयीच्या ओव्या सासू समोर बसलेली असतानाही म्हणत. सासूला ऐकू येई, पण तक्रार करायची कशी? देवाच्या गाण्यात आडवे कोण जाणार? शिवाय हा देव स्वतःच जनाबाईला दळू लागणारा. आजीच्या मते त्याचे थोरपण त्या दळणात होते. विश्वरूप वगैरे पुरुषांसाठी.

जाते मुळशीत टिकले, त्यात धरणाचाही हात आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. बायकाही त्यात उतरल्या. तरीही धरण झाले, गावे बुडाली आणि १९२७ पासून त्याच पाण्यावर भिऱ्याला तयार होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ज्यांचे पाणी, त्यांच्या वाड्यावस्त्यांवर पुढेही बरीच वर्षे चिमणीच होती. वीज नाही म्हणून पिठाची गिरणी नाही, गिरणी नाही म्हणून जाते, आणि जाते म्हणून ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा मुळशी-मावळच्या बायकांकडे ठेवा शाबूत होता. पुढे या कामात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. खुर्चीवर बसवून ‘म्हणा’ म्हटले की आजीला काही आठवत नसे. खुंटा हातात आला की थांबत नसे. ओव्या स्मरणात नसून दंडात साठवल्या जातात, असा याचा अर्थ घ्यावा लागेल.

सेवेचा हिशेब ठेवण्याची तिला सवय नव्हती; लोकांनीही ठेवला नाही. वाडीतल्या बाळंतपणांना ती जाई, नाळ कापी, शेक-शेगडी बघे आणि निरोपाला मिळालेला नारळ दुसऱ्या बाळंतिणीकडे पोचवी. तापकऱ्याला पेज, भांडून आलेल्या सुनेला भाकरी आणि वर दोन शिव्या, दारातल्या वारकऱ्याला चहा. चहात साखर कमी पडली तर नाव घरच्यांना ठेवायची, देवाला नाही.

त्याच तालुक्यात आता हिंजवडी आहे. नातू तिथे संगणकावर बसतो. त्याच्या लग्नात हळद दळायला म्हणून माळ्यावरचे जाते खाली काढले गेले. खुंट्याला आंब्याची पाने आणि सुपारी बांधली. खुंटा सैल होता. पाचही सवाशिणींनी तो ओढून पाहिला आणि फोटोसाठी हसल्या. आजी विधवा म्हणून रीतीप्रमाणे बाजूला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. पाचर कुठे मारायची, वैरण किती घालायची, हे सगळे हुकूम तिथूनच सुटत होते. ओवी कोणालाच येईना, तेव्हा मोबाइलवर गाणे लावले गेले. मग एकीने पुडी फोडून मुखात हळद ओतली. ती आधीच दळलेली होती. जाते दोनदा फिरले आणि हळद होती तशीच बाहेर आली.

“आगं, दळलेलं काय दळतीस?” उंबऱ्यातून आवाज आला, आणि मोबाइल बंद व्हायच्या आतच तिने पहिली ओवी सुरू केली.