बिनतारी गृहस्थ

कोकणातल्या दर तालुक्यात एक तरी गृहस्थ असा निघतोच, की ज्याला तारेतून येणारे इंटरनेट स्वाभिमानास बाधक वाटते. आषाढात दरड कोसळून केबल तुटली आणि ती जोडणारा इसम गणपतीपर्यंत फिरकला नाही, की तो निश्चय करतो: तालुक्याच्या गावी भाच्याच्या गच्चीवर एक डिश, बारा किलोमीटरांवरच्या आपल्या वाडीत दुसरी, आणि मध्ये केवळ परमेश्वर! निश्चयामागोमाग शंका येतात, आणि त्यांच्या निरसनाचे भोग लिंक बसविणाऱ्या, वयाने चोविशीतल्या व स्वभावाने गरीब अशा मुलाच्या ललाटी येतात.

पहिली शंका अंतराची. किंबहुना ती शंका नसून फिर्यादच असते. “खोक्यावर तीस किलोमीटर छापलंय,” असे तो बजावतो. मध्ये आडवे काही नसेल तर, हे त्या आकड्यातले अध्याहृत कलम त्याला मंजूर नसते. त्यातून एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ साली व्हेनेझुएलात वाय-फायची लिंक ३८२ किलोमीटर नेल्याचे कोणीतरी त्याच्या कानावर घातलेले असते. “तिकडे तीनशे ब्याऐंशी, आणि तुला बारा जड?” तिकडे एक टोक अँडीजच्या शिखरावर होते, असे मुलगा नम्रपणे निवेदन करतो. “आमचीही वाडी उंचावरच आहे!” वाडी उंचावर आहे खरी, परंतु वाटेतल्या टेकाडावर, बरोबर मध्यावर, भावकीतल्या एका चुलत्याचा रायवळ आंबा आहे.

दुर्बिणीतून भाच्याची गच्ची दिसते, त्याअर्थी मार्ग निर्वेध आहे, हा गृहस्थाचा सिद्धान्त. परंतु दोन डिशांच्या दरम्यान फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक प्रदेश मृदंगासारखा फुगलेला असतो, ५.८ गिगाहर्ट्झवर बारा किलोमीटरांच्या मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे साडेबारा मीटर भरते, आणि तीपैकी निदान ६० टक्के मोकळी लागते. शिवाय पृथ्वीचा बाकही तेथे दोनेक मीटर वर येतो, असे मुलगा सांगू लागला, की गृहस्थ त्याच्याकडे अपार करुणेने पाहतो.

परवान्याच्या बाबतीत मात्र त्याची वृत्ती अगदी विपरीत. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग सरकारने २०१८ साली परवानामुक्त केला, यावर त्याचा विश्वास बसत नाही. दाखल्याविना, शिक्क्याविना सरकार काही देईल ही कल्पनाच त्याला अस्वस्थ करते. फुकट म्हणून तेथे सगळेच येतात आणि त्यांचा गोंगाट लिंकेला जाचतो, हे मात्र त्याला तत्काळ पटते, कारण फुकट्यांविषयी त्याचे मत मुळातच बरे नसते. पावसाची शंका लवकर आटोपते: १० गिगाहर्ट्झच्या खाली पाऊस स्वतः फारसे काही हिरावून घेत नाही; लिंक बुडते ती बहुधा जोडात पाणी शिरल्याने, नाहीतर वाऱ्याने खांब हलल्याने.

त्याचे खरे स्वरूप प्रकट होते ते डिश जुळविण्याच्या दिवशी. पंचा खोचून तो जातीने शिडीवर चढतो, एका हाताने डिश धरतो आणि दुसऱ्या हाताने मोबाइल कानाशी लावतो.

“किती?”

“उणे अठ्ठ्याहत्तर, मामा.”

“डावीकडे घे.”

“तुमच्या डावीकडे की माझ्या?”

अर्ध्या तासाने आकडा उणे एकसष्टवर येतो, मुलगा प्रसन्न होतो, आणि गृहस्थ भडकतो: अठ्ठ्याहत्तर होते, त्यातले सतरा घालवलेस! उणे चिन्हाकडे त्याने जन्मभर, विशेषतः जमाखर्च लिहिताना, दुर्लक्षच केलेले असते. वास्तविक मुलाच्या हिशेबाने आकडा उणे पन्नासच्या आसपास यावयास हवा. राहिलेले अकरा डेसिबल त्या आंब्याने गिळलेले असतात.

दोन्ही खांब वीस-वीस फुटांनी वाढविणे हा त्यावरचा सरळ उपाय. पण ती उधळपट्टी झाली. त्यापेक्षा दिवाणी दावा परवडतो, आणि भावकीत तो कधीतरी व्हावयाचाच असतो. फ्रेनेलच्या साठ टक्के प्रदेशावर वहिवाटीचा हक्क शाबीत करून मिळावा, या मागणीने वकीलसाहेब यत्किंचितही विचलित होत नाहीत. ते मिळकतीची चतुःसीमा मागतात. गृहस्थ सांगतो आणि मुलगा लिहून घेतो: पूर्वेस डिश, पश्चिमेस डिश, उत्तरेस व दक्षिणेस हवा. कागद दोनदा वाचून, चष्मा पुसून वकीलसाहेब विचारतात, ही हवा बिनशेती करून घेतली आहे काय?