पाहिजे: हरायला तयार असलेला राजा

इ.स.पूर्व 4000. अंगावर कातडं पांघरून अब्राहम लिंकन उभे आहेत. वॉशिंग्टन नावाचं गाव त्यांनी नुकतंच वसवलंय, लिपीचा शोध अजून लागायचाय, आणि नदीपलीकडे ज्यूलियस सीझर आपल्या मेंढ्या चारतोय. ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाच्या 2001 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत नेत्यांचे कपडे युगानुसार बदलायचे, त्यामुळे लिंकनसाहेबांवर हा प्रसंग आला. खेळणाऱ्यांपैकी कुणाला त्यात काही वावगं वाटलं असेल असं वाटत नाही. मला तरी वाटलं नव्हतं. सहा हजार वर्षांचा इतिहास एका रात्रीत उरकायचा असला की माणूस कपड्यांकडे बघत नाही. ‘ही शेवटची चाल’ असं म्हणत पहाट होते आणि खेळात नुकताच बारुदाचा शोध लागलेला असतो.

सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा हा खेळ 1991 मध्ये आला तेव्हा त्यात चौदा संस्कृती होत्या. चौदाच का, याला उत्तर नाही. लग्नाच्या पत्रिकेत ‘आपले नम्र’ खाली कुणाची नावं छापायची याला कुठे उत्तर असतं? तिथेही कर्तृत्व कुणी बघत नाही. कोण रुसेल तेवढं बघतात. त्या पहिल्या यादीत झुलू होते, अ‍ॅझ्टेक होते, पण जपान नव्हता. रशियाकडून स्टालिन आणि चीनकडून माओ बिनदिक्कत हजर होते. जर्मनीसाठी मात्र अलीकडचं कुणी नको म्हणून अठराव्या शतकातला फ्रेडरिक शोधून आणला होता. भारताकडून महात्मा गांधी.

दुसऱ्या आवृत्तीत, 1996 साली, कर्त्यांना समतेची आठवण झाली. प्रत्येक संस्कृतीला एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन नेते द्यायचे ठरले. विचार उत्तम. भारताचा प्रश्न इंदिरा गांधींनी चटकन सुटला, अमेरिकेचा एलिनॉर रूझवेल्ट यांनी. जपानपाशी गाडी अडली, तेव्हा त्यांनी थेट सूर्यदेवता अमातेरासूला गादीवर बसवलं. इराणसाठी शहरजाद आणली, म्हणजे अरबी सुरस कथा सांगणारी ती बाई. ती स्वतःच कथेतली. आणि झुलूंच्या शाकाला जोड म्हणून ‘शकाला’ नावाची राणी चक्क घडवली. मला त्या बैठकीला हजर राहायला आवडलं असतं. ‘झुलूंची एखादी राणी?’ ‘आठवत नाही.’ ‘शाकाला एक ‘ला’ जोडा आणि चहा मागवा.’

यापुढचा सगळा गोंधळ गांधीजींपाशी येतो. आमचे सासरे, आप्पा, कोल्हापूरचे; इतिहासाचे निवृत्त मास्तर, अंगात कायम खादी. एका दिवाळीत ते माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. पडद्यावर गांधीजी हात जोडून हसत होते आणि माझ्या दोन शहरांवर अणुबॉम्ब पडत होते.

“जावईबापू, हे कोण?”

“गांधीजी, आप्पा.”

“ते दिसतंय की! बॉम्ब कुणाचे?”

मी त्यांना प्रचलित दंतकथा सांगितली. म्हणे पहिल्या खेळात गांधीजींची आक्रमकता एक होती, लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून दोन वजा व्हायचे आणि संगणकाला उणे संख्या कळत नसल्यामुळे ती उलटी फिरून 255 व्हायची. आप्पांना हे पटलं, कारण कारकुनी चुकीने घडलेला इतिहास त्यांनी जन्मभर शिकवला होता. पण 2020 मध्ये सिड मायर यांनी आत्मचरित्रात लिहिलं की असली चूक कधी नव्हतीच. पहिल्या खेळातले गांधी बाकीच्यांसारखेच धमक्या द्यायचे, एवढंच. ती धमकी त्यांच्या तोंडी इतकी विजोड वाटली की लोकांना तीच लक्षात राहिली. पुढे पाचव्या आवृत्तीत, 2010 साली, जॉन शेफर या रचनाकाराने गंमत म्हणून अण्वस्त्रं वापरण्याच्या ओढीसाठी गांधीजींना दहापैकी बारा गुण देऊन टाकले. “दहापैकी बारा?” आप्पा म्हणाले. “आमच्या शाळेत संस्थाचालकाच्या मुलालासुद्धा दहाच देत होतो.”

मग 2025 च्या सातव्या आवृत्तीत गांधीजी आलेच नाहीत. आला अशोक, तोही दोन प्रकारांत मिळणारा: एक जग जिंकणारा, दुसरा जगाचा त्याग करणारा. कलिंगाच्या अलीकडचा आणि पलीकडचा, आपल्या सोयीने निवडा. शिवाय या खेपेला नेता आणि संस्कृती यांची फारकत केलेली असल्यामुळे मॅकियाव्हेलीला चोळांचं राज्य चालवता येतं. आप्पांनी हे ऐकून चष्मा काढून पुसला. बोलले काही नाहीत.

खरी अडचण मात्र मला एका नकारात दिसते. पाचव्या आवृत्तीच्या 2013 च्या पुरवणीत अमेरिकेतल्या प्वेब्लो लोकांना घ्यायचं ठरलं होतं. नेता म्हणून पोपे, ज्याने 1680 मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव घडवून स्पॅनिशांना तिथून हाकललं. (त्याच वर्षी इकडे रायगडावर महाराज गेले.) प्वेब्लोंच्या परिषदेने सांगितलं, आमच्या पोपेला खेळात बोलताचालता दाखवू नका. कंपनीने ऐकलं आणि त्यांच्याऐवजी शोशोनी घेतले. क्री जमातीचा पाउंडमेकर 2018 मध्ये सहाव्या आवृत्तीत आला, तेव्हा त्यांच्यातल्या एका नेत्याने जाहीरपणे हरकत घेतली: दुसऱ्यांची जमीन जिंकत सुटणं ही आमची रीत नव्हती, आणि तुमच्या खेळात तर तीच एक रीत आहे. मला हे दोन्ही आक्षेप तंतोतंत पटतात. नेता म्हणून निवडला जाणं हा मान खरा, पण कामाचं स्वरूप बघा. परीक्षा बुडवून बसलेलं कुणीतरी पोर त्याला फसवणार, त्याच्याशी दोन मेंढ्या आणि एका घोड्याचा सौदा करणार, आणि शेवटी त्याची राजधानी जाळणार. त्यावर त्याने पडद्यावर येऊन पराभवाची दोन वाक्यं बोलायची. थोर माणसं पुष्कळ आहेत, पण ही नोकरी पत्करायला त्यांच्या वंशजांची छाती हवी.

आता आपलं घ्या. ‘या खेळात मराठे का नाहीत?’ हा प्रश्न माझ्या ओळखीच्या प्रत्येक मराठी खेळाडूने विचारलाय, आणि रास्तच आहे. ‘एम्पायर: टोटल वॉर’ या 2009 च्या खेळात आहेत की मराठे, तेही 1700 सालापासून, म्हणजे राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी सूत्रं हातात घेतली ते वर्ष. आपल्याकडे खेळाला लागणारा ऐवजही भरपूर. डोंगरी किल्ले आहेत. बारगीर आहेत, शिलेदार आहेत. शेजाऱ्याकडून उत्पन्नाची चौथाई आणि वर सरदेशमुखीचे दहा टक्के. इतका तयार नियम जगात कुठल्या संस्कृतीने दिला असेल?

पण शिवाजी महाराज त्या पडद्यावर? मी नुसतं मनात आणून पाहिलं आणि दार लावून घेतलं. आपल्याला महाराज खेळात हवेत, पण हरता कामा नयेत; आणि न हरणारा राजा असेल तर समोरचा पैसे देऊन तो खेळ घेईल कशाला?

म्हणून मी आप्पांपुढे माझी यादी ठेवली. एक, अहिल्याबाई होळकर. काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं आणि घाट बांधणाऱ्या या बाई बांधकामाच्या डावात कुणाला ऐकायच्या नाहीत. दोन, मलिक अंबर: हबशी गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कारभारी झाला, मुघलांना गनिमी काव्याने जेरीस आणलं, आणि 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे शहर वसवायचा अनुभवही आहे. तीन, ताराबाई. औरंगजेबाला सात वर्षं दक्षिणेत पळवत ठेवणाऱ्या.

“ताराबाईंना एक नंबरला घ्या,” आप्पा म्हणाले. “आणि राजधानी कोल्हापूर.”

“शाहू महाराजांची सातारा होती, आप्पा. शिवाय रायगड आहे, जिंजी आहे...”

“राजधानी कोल्हापूर.”

खेळात शहरांची नावं आधीच ठरलेल्या क्रमाने पडतात, म्हणून मी कागद घेऊन बसलो. तडजोड म्हणून रायगड पहिलं, मग कोल्हापूर, सातारा, पुणे, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर.

सासूबाई मटार सोलता सोलता ऐकत होत्या. त्यांचं माहेर नागपूरच्या महालातलं, भोसल्यांच्या वाड्याजवळचं.

“काय करून राहिले तुम्ही दोघं? नागपूर कितवं आहे?”

“नववं,” मी म्हणालो.

“तंजावरच्या मागे?”

आप्पा एकदम वर्तमानपत्र वाचू लागले.