बॅटरीचं गाऱ्हाणं

मालवणात बोटीची बॅटरी उतरली की ती मालकाची एकट्याची राहत नाही. जेटीवर जो येईल तो तिची नाडी बघतो.

माझ्या मामांची छोटी यांत्रिक बोट सर्जेकोट बंदरात असते. मासेमारीची बंदी 31 जुलैला उठते, पण नारळी पौर्णिमेला नारळ पडल्याशिवाय मामा दोर सोडत नाहीत. यंदा नारळ पडला, पूजा झाली, मामांनी चावी फिरवली आणि सेल्फ नुसता ‘कट्’ म्हणाला. हँडल मारून इंजिन सुरू केलं. रात्रभर इंजिन चाललं, तरी पहाटेपर्यंत दिव्यांची पणती झाली. फिशफाइंडरने तर मासे येण्याआधीच मान टाकली. दुकानातून बॅटरी चार्ज करून आणावी, एका फेरीत ती पुन्हा रिकामी!

मग निदानं सुरू झाली. ज्याचा जो धंदा, त्याच भागात त्याला बिघाड दिसला. बॅटरीवाल्याने बॅटरीकडे धड न बघताच ती मेल्याचं सांगितलं आणि नवीचा भाव काढला. डायनॅमोवाल्याच्या मते डायनॅमो खलास. (अल्टरनेटरला अख्खं बंदर डायनॅमोच म्हणतं. मीही तिथे तसंच म्हणतो, जीव प्यारा आहे.) वायरमन म्हणाला, सगळं वायरिंग उपटा. शेजारच्या बोटीच्या तांडेलाने मात्र डोळा बारीक करून हळूच विचारलं, “रात्री एलईडी तर लावणस नाय मा?”

एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला 2017 पासून बंदी आहे आणि या विषयावर मालवणात माणसं उठून उभी राहतात. मामाही उभे राहिले. “अरे मेल्या, हय केबिनातलो बल्ब पेटणा नाय, एलईडी खयसून लावतलंय?”

डायनॅमोवाल्याची परीक्षा तेवढी मी वेळेवर थांबवली. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, दिवा राहिला तर डायनॅमो चांगला, अशी ही पद्धत. जुन्या डायनॅमोंच्या काळात ती खपून जायची. आजच्या अल्टरनेटरची बॅटरी अशी चालत्या इंजिनावर तोडली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले डायोड उडू शकतात. म्हणजे रोगी धडधाकट असला तरी तपासणीत दगावण्याची सोय.

मामींचा या कोणावरच विश्वास नव्हता. त्यांनी बोटीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला लावलं. “बा देवा म्हाराजा, ह्या बोटीच्या बॅटरीक जी काय इडापिडा लागली आसात, ती दूर कर रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” बॅटरीवाल्याचा ‘व्हय’ सर्वात मोठा होता. कारण तोवर मामांनी नवी बॅटरी घेतलेली होती आणि तीही उतरली होती.

मी मुंबईहून येताना मल्टिमीटर आणलेला. बॅगेतून तो निघताच जेटीवर जरा शांतता पसरली, कारण मोजून बघण्याचा विचार अजून कोणी बोलून दाखवला नव्हता. इंजिन बंद असताना, नुकत्याच चार्ज करून आणलेल्या बॅटरीवर 12.5 व्होल्ट. ठीक. इंजिन चालू केल्यावर तिथे 14 च्या आसपास दिसायला हवेत, दिसले 12.4. मीटरचे काटे डायनॅमोवर ठेवले, एक त्याच्या आउटपुटवर, दुसरा अंगावर. आकडा 14.3! डायनॅमोवाल्याची मिशी खाली उतरली. आता डायनॅमोचं आउटपुट ते बॅटरीचं प्लस मोजलं, फरक 0.1. डायनॅमोचं अंग ते बॅटरीचं मायनस मोजलं, फरक 1.8.

“पगार झालेलो आसा, पण घराक पोचणा नाय,” मामी म्हणाल्या. व्होल्टेज ड्रॉपची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

पगार कुठे अडकला ते शोधायला अर्थिंगच्या काळ्या वायरीमागे हात लावत गेलो. तिचं टोक इंजिनच्या ब्लॉकला बोल्टने बसवलेलं होतं आणि ब्लॉक, बोल्ट, वायरीचं टोक, सगळं एकाच सुंदर तांबड्या रंगात न्हालेलं. पावसाळ्यात बोट शाकारलेली असताना धाकट्या खलाशाने इंजिन रंगवायला घेतलं होतं. पोरगं प्रामाणिक. बोल्ट खोलून त्याच्या खालची जागाही त्याने नीट रंगवली आणि रंगावरच वायर परत आवळली. वायरीच्या टोकाशी मी रबर जरा सोललं, तर आत तांब्याची हिरवी भुकटी. रंगाने अडवलं, उरलेलं खाऱ्या हवेने खाल्लं. व्होल्टाने 1800 साली जगातली पहिली बॅटरी केली ती मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या तुकड्यांवर. इथे तेच मीठ बॅटरीच्या मुळावर उठलं होतं.

पॉलिशपेपरने ब्लॉक चकचकीत घासला, वायरीचं टोक कापून नवीन लग दाबला, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली चोपडली. बॅटरीवर 14.1. सेल्फ पहिल्या हाताला फिरला.

श्रेय गाऱ्हाण्याला गेलं. देवाने मुंबईहून भाचा धाडला, एवढं मामींनी माझ्याही खात्यावर मांडलं. नवी बॅटरी आता मामांच्या घरी इन्व्हर्टरला लागली आहे. वायरमनचा अजूनही आग्रह आहे की वायरिंग बदलायलाच हवं होतं.

तेव्हा बोटवाल्यांनो, नारळ जरूर ठेवा, पण बॅटरीचं बिल देण्याआधी अर्थिंगचा बोल्ट एकदा खोलून बघा. आणि खलाशाच्या हाती रंगाचा डबा देताना तो बोल्ट त्याला दाखवून ठेवा.