खडकीचे पंच

ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या खडकीकरांत एक जात अशी आहे, की जी खऱ्या खुनांवरची पुस्तकं वाचते आणि वाचून गप्प बसत नाही. समोरचा नग पास की रिजेक्ट, एवढंच ठरवण्यात ज्यांची हयात गेली, ते हे काका. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने शेरे मारतात आणि संध्याकाळी खडकी बाजारातल्या चहावर निकाल जाहीर करतात. अर्नाळकरांच्या रहस्यकथा लहानपणीच वाचून संपल्या. आता सगळं ‘घडलेलं’ हवं. यांना रक्ताची चटक लागली आहे, असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. रक्तात काकांना काडीचा रस नसतो, असतो तो वेळापत्रकात. लागू खटलाच घ्या. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री डॉ. अनंत लागू हा लक्ष्मीबाई कर्वे यांना घेऊन पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसला. बाई मुंबईला पोचल्या त्या बेशुद्धच, आणि दुसऱ्या दिवशी गेल्या. पुढे त्या पुनर्विवाह करून जयपूरकडे सुखात आहेत, अशी पत्रं नातलगांना येत राहिली. इथे कोणीही शहारेल. काका अडतात ते गाडी खडकीला थांबली होती का, यावर. लेखकाने ते दिलेलं नसलं की दहापैकी दोन गुण गेले. तपासणीत विष सापडलंच नाही, तरी 1959 साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्यावर फाशी कायम केली आणि तिघांपैकी एका न्यायमूर्तींनी वेगळं मत दिलं, हे कळल्यावर तर काका आठवडाभर दोन्ही बाजूंनी स्वतःच भांडतात. त्या आठवड्यात खोकल्याचं औषधही हुंगून घेतात, ते सोडा.

अशी पुस्तकं खुन्यांना नायक करतात, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. जोशी-अभ्यंकर प्रकरणात जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा माणसं मारली गेली. लोकांना नावं पाठ आहेत ती जक्कल, सुतार, जगताप, शहा यांची. त्यातल्या मुनव्वर शहाचं ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे पुस्तकही आहे. काकांचा शेरा: ‘आरोपीचं स्वतःबद्दलचं म्हणणं. दुजोऱ्याशिवाय ग्राह्य नाही.’ आणि काशिनाथशास्त्री अभ्यंकरांना ‘एक वृद्ध गृहस्थ’ म्हणून उरकणाऱ्या लेखकाला ते सरळ नापास करतात, कारण शास्त्रीबुवांनी संस्कृत व्याकरणाचा कोश केला होता हे त्यांना ठाऊक असतं. तपशिलाचा हा हट्ट वरून कितीही कोरडा दिसो, मेलेल्या माणसाला त्याचं नाव आणि काम परत मिळतं ते त्यातूनच. हळहळीची चार पानं लिहिणाऱ्या परीक्षकांना हे क्वचितच जमतं.

नियम डगमगतो तो घराजवळ. 22 जून 1897 ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली ती गणेशखिंडीत, म्हणजे खडकीच्या कुशीतच. ती झाडणाऱ्या दामोदर चापेकरांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिलं. नियमाने तेही आरोपीचंच म्हणणं. पण काका त्यावर पेन्सिल चालवत नाहीत, आणि ते पुस्तक शहाच्या शेजारी न ठेवता टिळकांच्या कप्प्यात ठेवतात. हेतू वेगळा होता, हे त्यांचं उत्तर मला मान्य आहे. मात्र त्याच रात्री गोळी लागलेल्या लेफ्टनंट आयर्स्टचं नाव आणि काम कोणी विचारलं, की काकांना नेमकं गिरणीत टाकलेलं दळण आठवतं.