आपली 'अंतिम सूचना' पोचली

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी महोदय
(आपल्या संस्थेच्या नावात 'राष्ट्रीय', 'उद्योग', 'निगम' आणि 'कक्ष' हे चारही शब्द आहेत. 'शासन' तेवढं राहून गेलंय.)

स. न. वि. वि.

आमच्या प्रेसच्या उद्यम नोंदणीची मुदत संपत आली असून सात दिवसांत 3,499 रुपये अधिक जीएसटी न भरल्यास 'पुढील कार्यवाही' होईल, असं आपण कळवलंत. वर लाल ठशात 'अंतिम सूचना'. पहिल्या आणि दुसऱ्या सूचनेचा टपालखर्च वाचवलात, ही काटकसर आवडली.

मी जॉब प्रिंटिंगवाला. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड. त्यामुळे मजकुराआधी नजर छपाईवर जाते. आपल्या सिंहांच्या आयाळी फुटल्यात. नेटवरचं बारकं चित्र ताणून मोठं केलं की असं होतं. खाली 'सत्यमेव जयते' नाही. त्याशिवाय राजमुद्रा अपुरी समजतात, पण आपल्या पत्रावरून ते गाळणं हा प्रामाणिकपणाच म्हणायचा. जांभळा गोल शिक्का मात्र झकास. शाई कशी सगळीकडे एकसारखी! कचेरीतला शिक्का असा कधी उमटतो का? एक बाजू गडद, दुसरी गायब, आणि तारीख कालची. साहेबांची सहीसुद्धा शिक्क्याच्याच प्लेटवर चढवलेली दिसते.

आणि तळाची ती ओळ! साडेपाच पॉइंट, फिकट करडी. भिंग लावून वाचली: 'ही खासगी सल्लागार सेवा असून शासनाशी संबंध नाही.' पानभर दरडावून झाल्यावर खरं बोलायला एवढीशी जागा उरली होती. वकिलाची फी वसूल झाली म्हणा.

आता मुद्द्याचं. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. शुल्क शून्य. कागदपत्रं जोडावी लागत नाहीत. आधार आणि पॅनवर काम होतं. आणि तिचं नूतनीकरण नसतंच. म्हणजे जिला मुदतच नाही, तिची मुदत संपण्याची तारीख आपण काढून दिलीत. भल्याभल्या ज्योतिषांना हे जमलेलं नाही. आपला क्यूआर कोड स्कॅन केला, तर पडद्यावर निगमाऐवजी कुणा एका गृहस्थाचं नाव आलं. त्यांना नमस्कार सांगा.

तरी लोक भरतात. आमच्या शेजारच्या गिरणीवाल्या अण्णांनी भरले. अण्णा भोळे नाहीत. गहू मुठीत धरून ओल सांगतात. पण खऱ्या कचेरीचं पत्रही त्यांना असंच येतं: कलम, पोटकलम, 'सदरहू', 'अन्यथा' आणि शेवटी दंड. ते कळत नाही, म्हणून कुणाला तरी पैसे देऊन निस्तरायचं, ही सवय आपण यायच्या कितीतरी आधीची. धाक सरकारने बसवला, वसुली तेवढी आपण करता. त्या भाषेला खऱ्या कचेऱ्या जोवर चिकटून आहेत, तोवर आपल्याला नक्कल करायला फारशी अक्कल लागणार नाही.

राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम दोन अण्णांत सुटते, हे आपल्या हिशेबनीसाने पाहिलंच असेल. कैदेचा हिशेब कसा बसवलाय, ते कळवावं.

कळावे,
पैसे न भरणारा,
एक छापखानेवाला

ता. क. हे आपल्यासाठी नाही, बाजारपेठेतल्या आमच्या भाऊबंदांसाठी: उद्यम नोंदणीच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. संकेतस्थळाचं नाव 'जीओव्ही डॉट इन'ने संपतंय का, ते पाहा. अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली, तर ती अडवता येते.