रेंजमास्तर

"आलं का?" हा प्रश्न सोलापुरात मुळात नळाच्या पाण्याचा. उजनी कितीही भरो, शहरात पाणी चार-पाच दिवसांआडच यायचं, त्यामुळे भल्या पहाटे गल्लीत कुणी कुणाला काही विचारलं तर ते हेच. पण रेंजमास्तर हा प्रश्न विचारतात तेव्हा ते नळाकडे बघत नसतात. ते तुमच्या हातातल्या फोनकडे बघत असतात.

मास्तर म्हणायचं एवढंच, शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही. बँकेतून निवृत्त, विजापूर रोडला दुमजली घर, खिशाला टेस्टर. आडनाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तुमच्या कॉलनीतल्या रेंजमास्तरांचं आडनाव वेगळं असेल आणि टेस्टर तोच. हे गृहस्थ कुणाकडे पूजेला गेले तरी चप्पल काढता काढता त्यांची नजर घरभर फिरते. देव कुठे मांडलाय हे नव्हे, राऊटर कुठे आहे हे ते शोधत असतात. तो बहुधा टीव्हीच्या मागे असतो, नाहीतर लोखंडी कपाटावर, नाहीतर शोकेसमध्ये मोठ्या आरशाच्या पाठीशी. मास्तर सुस्कारा टाकतात. "मालक, लोखंड आणि आरसा! त्याचा जीव घ्यायचाय का?" मग यजमानाची परवानगी न घेता ते राऊटर चार बोटं इकडे सरकवतात आणि तिथूनच, सत्यनारायणाच्या कथेच्या वर आवाज काढून विचारतात, "आलं का?"

या आरोळीचा उगम जुना आहे. ऐंशीच्या दशकात घरोघरी गच्चीवर माशाच्या काट्यासारखे अँटेना होते. जपानच्या उदा आणि यागी या दोघांनी १९२६च्या सुमारास काढलेली ती रचना; जिकडे तोंड तिकडचंच पकडायचं हा तिचा स्वभाव. वारा आला की तोंड फिरायचं आणि पडद्यावर मुंग्या. गल्लीतली बारा-पंधरा घरं तेव्हा तरुण मास्तरांना गच्चीवर चढवायची. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, ते मास्तरांनी सबंध ऐकलं. पाहिलं जवळजवळ नाहीच. खालून "आलं, आलं, गेलं! थोडं मंगळवार पेठेकडं!" अशी दिशा मिळायची आणि वरून उत्तर जायचं, "आलं का?" सीता पळवली तेव्हा ते पत्र्यावर होते. लंका जळाली तेव्हा शिडीवर.

पुढे केबल आली, डिश आली, आणि मास्तर काही वर्षं बेकार झाले. मग घरोघरी वायफाय आलं. त्या पांढऱ्या डबीला दोन दांड्या पाहून त्यांचे डोळे भरून आले म्हणतात.

सुरुवातीला त्यांनी जुनीच विद्या नव्या यंत्राला लावली. ज्या खोलीत रेंज नाही त्या खोलीकडे दांड्यांची टोकं रोखायची, बंदुकीसारखी. अर्ध्या विजापूर रोडच्या दांड्या त्यांनी अशा रोखून ठेवल्या, आणि ज्यांच्या ठेवल्या त्यांची होती तीही रेंज गेली. शेवटी पुण्यात ई अँड टीसी शिकणाऱ्या नातवाने एका सुट्टीत ताटातला मेदुवडा उचलून त्यांना दाखवला. "आजोबा, दांडी या भोकात उभी आहे असं समजा. लहरी अशा वड्यासारख्या आडव्या, चहूबाजूंना पसरतात. टोकाच्या दिशेनं जवळजवळ काहीच जात नाही." मास्तरांनी तो वडा बराच वेळ फिरवून बघितला आणि मग खाल्ला. त्या दिवसापासून एकमजली घरात दोन्ही दांड्या ताठ उभ्या आणि दुमजली घरात एक उभी, एक आडवी, हा त्यांचा नियम झाला. वड्याचा शोध मात्र ते स्वतःचा म्हणून सांगतात.

त्यांची खरी कीर्ती झाली ती पिंपांमुळे. जवळच्याच एका घरात महिन्यातून काही दिवस आतल्या खोलीत वायफाय नीट चालायचं आणि काही दिवस मरायचं. जोडणीवाल्याचा पोरगा दोनदा येऊन राऊटर बंद-चालू करून गेला. मास्तर आले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी घरच्या बाईंना विचारलं, "वहिनी, पाणी कधी आलं होतं?" त्या म्हणाल्या, काल. हॉल आणि खोलीच्या मधल्या बोळात प्लास्टिकची निळी पिंपं ओळीनं काठोकाठ भरलेली. वायफायची नेहमीची लहर २.४ गिगाहर्ट्झची, आणि त्या लहरी पाणी मनसोक्त पितं. मायक्रोवेव्ह भट्टीत जेवण गरम होतं तेही जवळपास त्याच लहरींवर. म्हणजे पाणी आलं की रेंज जायची, आणि पिंपं तळाला गेली की रेंज यायची. पिंपं न्हाणीघराकडे हलवली. मास्तर बोळात उभे राहून ओरडले, "आलं का?" आणि सवयीनं वहिनी मोटार लावायला धावल्या.

यशानं माणूस बिघडतो. मास्तरांनी मग फोनमध्ये एक ॲप घेतलं, त्यात रेंज डेसिबलमध्ये दिसते, आणि ती नेहमी उणे असते. राऊटरच्या बाजूला उणे ३०, व्हिडिओ नीट चालायला उणे ६७च्या आसपास, उणे ८०च्या खाली नुसतं गोल गोल फिरत बसायचं. तीन डेसिबल घटले की ताकद निम्मी. तेव्हापासून ते रेघा मोजणाऱ्यांना तुच्छ मानतात, आणि याबाबतीत त्यांचं चूक म्हणता येत नाही. पडद्यावरच्या रेघा किती दाखवायच्या हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. २०१० साली आयफोन ४ निघाला, त्याची कडेची पोलादी पट्टीच अँटेना होती, आणि डावीकडच्या खालच्या फटीवर तळवा टेकला की रेंज घसरायची. जगभर बोंब झाली. ॲपलने आधी कबूल केलं की आमचा रेघांचा हिशेबच पार चुकीचा होता, आणि मग जुलैत स्टीव्ह जॉब्सने पत्रकार परिषद घेऊन लोकांना फुकट कव्हरं देऊ केली. ही गोष्ट मास्तर अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, जॉब्सने त्या सकाळी सोलापूरला फोन केला होता.

फोनच्या बाबतीत त्यांची तपासणी ठरलेली. पहिल्यांदा कव्हर काढायला लावतात. गाडीत चिकटवण्यासाठी मागे लोखंडी चकती लावलेली असली की तिथेच रोग सापडला. ती नसली तर "धरतोस कसा बे, लिंबू पिळल्यासारखं?" म्हणून बोटं सोडवतात, कारण हल्लीच्या फोनचे अँटेना चौकटीच्या कडेलाच बसवलेले असतात आणि पंजा म्हणजे त्यांच्या भाषेत "अर्धा तांब्या पाणी". रेंज वाढवणारे म्हणून विकतात ते सोनेरी स्टिकर ते नखानं खरवडून काढतात. मोबाइलच्या सिग्नलचं बूस्टर ऑनलाइन मागवू का, असं कुणी विचारलं तर आवाज खाली जातो: परवान्याशिवाय ते लावणं बेकायदा आहे, आणि शेजाऱ्यांचं नेटवर्क बिघडतं ते वेगळंच. 'फाइव्ह जी' नावाच्या वायफायला जोडलं म्हणजे आपल्याकडे ५जी आलं, असं समजणाऱ्यांना ते बसवून सांगतात की हे पाच गिगाहर्ट्झ, ते मोबाइलचं. याचा वेग जास्त पण भिंत दिसली की दम तुटतो. एका मुलीचा फोन बॅटरी बदलून आणल्यापासून हॉलमध्येसुद्धा धड रेंज पकडेना. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला. मास्तरांनी फोन दुसऱ्या दुकानात नेऊन उघडायला लावला. अँटेनाची केसासारखी बारीक तार, तिचं टोपण परत बसवायचंच राहिलं होतं. टोपण टिचकन बसलं. पुढचा प्रश्न त्यांनी इतक्या मोठ्यानं विचारला की रस्त्यावरचे दोन रिक्षावाले थांबले.

चुकतातही, आणि चुकले तर भव्य चुकतात. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते, यावर शहरात वर्षानुवर्षं वाद चालला होता. मास्तरांनी त्यात आपलं एक कलम घातलं: सिग्नल चिमणीवर आपटून परत जातो. १५ जून २०२३ला चिमणी पाडली. अख्खं सोलापूर आपापल्या परीनं हळहळत नाहीतर आनंद करत असताना मास्तर गच्चीवर फोन धरून उभे होते. आधी उणे ७१ होतं. चिमणी पडल्यावरही उणे ७१. "धूळ खाली बसू दे की," ते म्हणाले.

जुन्नर तालुक्यात खोडदला आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकणारी जीएमआरटी ही दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना. ताऱ्यांकडून येणारा सिग्नल इतका क्षीण की आसपासच्या मोबाइलचासुद्धा त्यांना त्रास होतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात, तेव्हा मास्तर सोलापूरहून एसटीनं गेले. तास-दीड तास त्यांनी माहिती सांगणाऱ्या तरुणाचं सगळं नीट ऐकलं. वर बघितलं. एवढी मोठी ताटली आवाज न करता फिरली. आयुष्यात कधी नव्हे ते मास्तर गप्प होते, असं बरोबरचे लोक सांगतात. मग त्यांनी त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, "आलं का?"

त्यांच्या कॉलनीजवळच्या अपार्टमेंटमध्ये त्यांनी चॅनेलवाटपाची बैठक बोलावली होती. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एक, सहा आणि अकरा हे तीनच चॅनेल एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत, तेव्हा तळमजल्याला एक, पहिल्याला सहा, दुसऱ्याला अकरा, असा ठराव. दुसऱ्या मजल्याने विचारलं, आम्हाला शेवटचा का? पहिला मजला म्हणाला, तळमजल्यानं देखभालखर्च थकवलाय, त्यांना एक नंबर कशाला? बैठक लिफ्टच्या विषयावर मोडली. राऊटर आता चॅनेल आपले आपण निवडतात, हे त्यात कुणाला आठवलं नाही.

एवढं वाचून हा माणूस टाळण्यासारखा आहे असं तुम्हाला वाटलं असेल, तर आहेच. पण २०२०ची शाळा आठवा. मागच्या गल्लीत पत्र्याची घरं. पत्र्याच्या आत मोबाइलची रेंज कशीबशी शिरायची, आणि घरात फोन एकच, तोही बापाचा. मास्तरांनी आपल्या फाटकाच्या आतल्या बाजूला खडूने वायफायचा पासवर्ड लिहिला आणि कट्टा झाडून घेतला. टॉवेलच्या कारखान्यातल्या कामगारांची पोरं तोंडाला रुमाल बांधून, अंतर सोडून तिथे बसायची. पासवर्ड बदलला की मास्तर खडू घेऊन बाहेर यायचे. त्या पोरांपैकी एकजण आता फायबर जोडायच्या कामाला आहे. तो मास्तरांना बघून सायकल आडगल्लीत घालतो, कारण थांबला की त्याच्या पिशवीतली अवजारं मास्तर तपासतात.

राहता राहिलं त्यांचं स्वतःचं घर. अख्ख्या कॉलनीत सगळ्यात वाईट वायफाय या घरात आहे. म्हणजे तळमजल्याच्या हॉलमध्ये आणि कट्ट्यावर झकास, पण वरच्या दोन खोल्यांत उणे ८८. वर कूलर आहे, पलंग आहेत, दारं लागतात. मे महिन्यात पुण्याहून, बेंगळुरूहून मुलं-नातवंडं येतात, चार दिवसांसाठी, आणि सगळी हॉलमध्ये चादर टाकून एकमेकांच्या पायांवर पाय टाकून पडलेली असतात, शेंगाचटणीचा डबा मधोमध. कुणाच्या फोनवर काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं, त्यावरून भांडणं होतात. मास्तर खुर्चीत बसून पेपर वाचतात. एकच पान.

जावयाने दुसरं यंत्र वर बसवून देतो म्हटलं. लोकांना तेच यंत्र घ्यायला लावणारे मास्तर म्हणाले, "लहरीत लहर मिसळते, नको." आणि राऊटरच्या दोन्ही दांड्या, दुमजली घर असून, ताठ उभ्या.

वड्याचं गणित ज्याने शिकवलं त्या नातवाच्या हे गेल्या सुट्टीत ध्यानात आलं. रात्री त्याने एक दांडी हळूच आडवी केली. वर चार रेघा. सकाळी दांडी उभी. परत आडवी केली, परत उभी. मग एका सकाळी दोन्ही दांड्यांच्या बुडाशी एम-सीलचे गोळे दिसले, बोटांच्या ठशांसकट.

"हे काय केलंत आजोबा?"

"पाल येते बे रात्री. दांडी पाडून जाते."

"रोज तीच दांडी?"

"पालीचं काय सांगावं," मास्तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "आणि तू सरक जरा तिकडं. मधे बसलास, ताईला रेंज येईना झालीय."